पान खायचं असतं

गोदरू विचारतो, काय पायलं गा तिकडे?
मी म्हणतो, गोटे.
मोठे?
मोठे. काही उभे, काही पडलेले.
एका दारावर दोन सिंह, मुंडकी नसलेले.
तिकीट होतं?
होतं.
तो कानामागची बिडी काढतो, पुन्हा तिथेच ठेवतो.
गोटे पायाले तिकीट, असं शेळ्यांना सांगतो.

आम्ही बसलोय बरडावर, गावापासून दीड कोस,
जिथे काळे दगड गोल धरून बसलेत
पंगत मांडली आणि वाढपी आलाच नाही, तसे.
गट नंबर एकशे बारा. पोटखराब.
साहेब खणायला आले तेव्हा
माझ्याच साखळीनं मोजून दिलं होतं हे वावर.
निघालं घोड्याच्या तोंडचं तांबं, एक कुऱ्हाड,
लाल मणी, गुंजेपेक्षा थोडे मोठे,
आणि कुणाच्या तरी मांडीचं हाड.
पत्र्याच्या पेटीत भरून नेलं सगळं. पावती दिली नाही.

तेहतीस वर्षं लोकांच्या हद्दी मोजल्या,
सवय जात नाही.
त्या सिंहांच्या दाराआतही आहे एक गोल,
पातळ उभ्या दगडांचा.
भाची फोटो काढत होती, मी पावलं टाकत होतो.
आरपार छत्तीस.
इथला आत्ताच मोजला, शेळ्या बाजूला सारून: एकोणतीस.
फार फरक नाही.
मेलेल्यांना साधारण तेवढंच लागतं,
तालुका कुठलाही असो.

मंग खाल्लं काय?
इथे मात्र गोदरू सरकून जवळ येतो.

डोंगराखाली एक खानावळ, वर द्राक्षाचा मांडव,
काळ्या कपड्यातली म्हातारी, कोपरापर्यंत पीठ.
भाषा नव्हती. मी पोटावरून हात फिरवला.
तिनं ताट ठेवलं:
पानात गुंडाळलेलं काहीतरी, बोटाएवढं.
मला वाटलं, पानगे!
आपले पळसपानातले, गोवरीच्या आरावरचे,
कणकेवर पानाच्या शिरा उमटलेले.
मी एकेक पान सोडवलं,
घडी घालून ताटाच्या कडेला लावलं,
आतला भात तेवढा खाल्ला.
लिंबू होतं. आणि शेपू.
जिच्यापायी जन्मभर घरात भांडलो, ताट सरकवलं,
ती शेपू
परक्या मुलखात मुकाट्यानं खाल्ली.
हे ज्या बाईला सांगायचं
तिला जाऊन आता चार उन्हाळे झाले.

म्हातारी परत आली. घड्या पाहिल्या.
इतकी हसली की आतून नवऱ्याला बोलावलं,
नवऱ्यानं पोराला,
आणि तिघांनी मिळून मला शिकवलं
की ते पान खायचं असतं.

बकरीले माईत असते थे, गोदरू म्हणतो.

मग मी पिशवीतून बरणी काढतो,
मोज्यात गुंडाळून आणलेली.
गोदरू एक ऑलिव्ह तोंडात टाकतो.
डोळे मिटतो. मान झटकतो.
कडू, बाप्पा. खारट. तेलकट.
टोळंबी खाल्ल्यासारखं वाटते.
थुंकत मात्र नाही.
दुसरं मागतो. मग तिसरं.
म्हणतो, मोहाच्यासंगं जमंन हे.

बी थुंकतो गोलाच्या बरोबर मधोमध
आणि अंगठ्यानं आत दाबतो.
मी म्हणतो, खारवलेली आहे, रुजायची नाही.
हाव, तो म्हणतो. दाबतोच.

आणखी हजार वर्षांनी येईल कुणी साहेब,
ब्रशनं माती झाडेल, बी उचलून उन्हात धरेल,
वहीत लिहील: दूरदेशीचं फळ. व्यापार असावा.
असू दे.
कुणी विचारलंच तर सांगायला
दगड आहेत, बसलेलेच.

ऊन उतरतं. तळाशी चार-पाच उरलीत.
गोदरू बरणी हलवून पाहतो, झाकण फिरवून पाहतो.
आटे चांगले हायेत, म्हणतो.
सरली की देजो,
पारबताले लिंबाच्या लोणच्याले होईन.